खुंटरावांचा दुसरा घाव

आईबापांनी ठेवलेलं नाव खुंटरावांना फक्त बँकेत आणि दवाखान्यात उपयोगी पडे. एरवी सगळ्या गावाला ते खुंटराव म्हणूनच माहीत. टेकडीवर तोड चालू असली की बाकीचे लोक पडणाऱ्या झाडाकडे मान वर करून बघत, आणि हे मात्र झाड आडवं झालं रे झालं की खाली वाकत. मागे राहिलेल्या खुंटावर तळहात फिरवत. साल कुठे उचकटली आहे का, तोंड उतरतं कापलं आहे का, की मध्ये पाणी साचेल असा खळगा राहिला आहे, हे सगळं बघून झाल्याशिवाय त्यांची कंबर सरळ होत नसे. "अहो, झाड तिकडे पडलंय," असं कुणी चिडवलं तर म्हणत, "ते गेलं. जे राहिलंय त्याची विचारपूस करतोय."

आणि विचारपूस करण्यासारखंच ते झाड होतं. त्याचं लाकूड चिवट. वाकेल पण तुटणार नाही. कुऱ्हाडी, फावडी, कुदळी, हातोडे, सगळ्यांचे दांडे त्याचे होत. पानगळ झाल्यावर, झाड झोपेत असताना, ते जमिनीलगत कापलं की पालवीच्या दिवसांत खुंटाच्या बुडातून धुमारे फुटत. त्यातले चांगले तेवढे राखायचे, बाकीचे खुडायचे. बारा वर्षांत ते मनगटाएवढे जाड होत आणि पुन्हा दांड्यांना येत. म्हणून टेकडीवरच्या जंगलाचे बारा तुकडे पाडलेले होते. दर वर्षी एकच तुकडा तोडायचा. बारावा तुटेपर्यंत पहिला तयार. मुद्दलाला हात न लावता नुसत्या व्याजावर घर चालवावं, तसा हा कारभार होता. मूळ जमिनीत कायम असल्यामुळे टेकडीची माती जागच्या जागी राहत होती, खालच्या विहिरींना पाणी होतं, आणि बसथांब्यामागच्या गल्लीत दांडे कातणाऱ्या कातारींच्या लेथ फिरत होत्या.

हे नेहमीच असं नव्हतं. खुंटराव विशीत होते तेव्हा एका ठेकेदाराने सगळी टेकडी दोन हंगामांत साफ केली होती. ना काळ पाहिला ना वेळ. जिथे हात पोचला तिथे कापलं, आणि मागून शेळ्या मोकळ्या सोडल्या. पुढच्या काही वर्षांत माती वाहून रस्त्यावर आली, विहिरी आटल्या, आणि गल्लीतले कातारी एकेक करून शटर खाली ओढून शहरात गेले. खुंटरावांचे थोरले भाऊही त्यांतलेच. ते गेले ते गेलेच. नंतर उरलेल्या माणसांनी संस्था काढून ती बोडकी टेकडी वनखात्याकडून कराराने घेतली. अर्धमेल्या खुंटांना पुन्हा खाली छाटून, काटेरी डहाळ्यांनी झाकून, धुमारे फोडायला लावण्याचं काम खुंटरावांनी अंगावर घेतलं. लोक त्यांना तेव्हा वेडा म्हणत. टेकडी हिरवी झाल्यावर मुकादम म्हणू लागले.

करारातली एक अट कडक होती. दर वर्षी पालवी सरता सरता वनखात्याच्या अधिकारी बाई येऊन त्या साली तोडलेला तुकडा बघत. खुंट फुटले असतील तरच पुढच्या तुकड्याची परवानगी. नाही फुटले, तर तोड बंद. आजवर कधी बंद पडली नव्हती, आणि या गोष्टीचा खुंटरावांना मनातल्या मनात फार अभिमान होता.

त्यांना एकच लेक. ती लहानपणापासून कातारींच्या गल्लीत भुशात खेळलेली. पुढे तिने तिथलाच एक बंद गाळा घेतला आणि दांड्यांचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे काय, तर पत्र्याखाली दोन लेथ, एक पॉलिशचं टेबल, भिंतीला लांबीप्रमाणे उभे केलेले दांडे, आणि सगळ्यांवर पिवळसर भुशाचा पातळ थर. लग्नानंतर काही वर्षं ती आठवड्यातून दोनदा शहरातून ये-जा करी. नवरा शहरात एका मोठ्या गोदामात पर्यवेक्षक होता. शेवटी तोच म्हणाला, "तू तिकडची, मी इकडचा, हे किती दिवस? तुझं काम हलत नाही. माझं हलतं." आणि नोकरी सोडून इथे आला. गोष्ट साधी नव्हती. गावात लोकांनी भुवया उंचावल्या, पण खुंटरावांचा ऊर भरून आला होता. अर्थात हे त्यांनी जावयाला सांगितलं नाही.

जावयाला ते काहीच सांगत नसत. त्यालाही कारण होतं. तरुणपणी एकदा त्यांच्या स्वतःच्या सासऱ्यांनी चारचौघांत त्यांची चूक काढली होती. मोळी नीट बांधली नाही, एवढीच. पण ते त्यांच्या इतकं जिव्हारी लागलं, की नंतर बरेच दिवस त्यांनी सासुरवाडीचा उंबरा ओलांडला नाही. तेव्हाच कानाला खडा लावला होता, की आपला जावई आला तर त्याची चूक काढायची नाही. त्याचा परिणाम असा झाला, की एका घरात जेवणारी ही दोन माणसं एकमेकांशी सरळ बोलतच नसत. दोघं दोन हातांवर बसलेले असताना जावई बायकोला म्हणे, "मामांना विचार, दोरखंड कुठे ठेवलाय." आणि खुंटराव लेकीला सांगत, "जावईबापूंना म्हणावं, खुंटीला आहे."

"मी काय टपालखातं आहे का?" लेक म्हणे.

पण निरोप पोचवी.

त्या वर्षी पानगळ सुरू झाली आणि खुंटरावांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ते पुढे ढकलायला त्यांनी बरेच बहाणे केले, पण बायकोपुढे एकही चालला नाही. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि बजावलं, "वाकायचं नाही. जड उचलायचं नाही."

"ह्यांना वाकू नका म्हणजे श्वास घेऊ नका म्हटल्यासारखं आहे," बायको डॉक्टरांना म्हणाली.

तोड थांबवता येत नव्हती. पानगळीचा काळ गेला की गेला. संस्थेच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, या खेपेला जावयाला करू द्या, दोन हंगाम हाताखाली होता, शिकला असेल. खुंटरावांनी मान हलवली. जावयाने करवतीचं नवं मशीन आणलं, चार माणसं घेतली आणि टेकडीच्या पलीकडच्या उतारावरचा तुकडा नेहमीपेक्षा निम्म्या वेळात तोडून, लाकूड वाहून खाली आणलं. गल्लीत दांड्यांचे ढीग लागले. अध्यक्षांनी पाठ थोपटली. खुंटराव घरात काळा चष्मा लावून बसले होते. त्यांना फक्त एक प्रश्न विचारायचा होता, की खुंट कसे ठेवलेत. पण ते विचारणं म्हणजे शंका घेणं झालं असतं.

डोळ्याची पट्टी सुटल्यावर पहिली संधी साधून ते पलीकडच्या उतारावर गेले आणि जागच्या जागी थबकले. सगळे खुंट गुडघ्याएवढे उंच होते. तोंडं सपाट, टेबलासारखी.

जावयाने असं का केलं असावं हे त्यांना तिथे उभ्या उभ्याच कळलं. खाली दगड होते. मशीनची साखळी दगडाला लागली की बोथट होते. आणि त्याचा स्वभाव ते ओळखून होते. जास्त ठेवलं तर झाड जास्त जगेल, असंही त्या बिचाऱ्याला वाटलं असणार. पण उंच खुंटाला धुमारे मधूनच, सालीतून फुटतात. दिसायला झटपट आणि भरघोस, पण ते नुसते चिकटलेले असतात. दोन-तीन वर्षांत वाऱ्याने उचकटून पडतात. सपाट तोंडावर पाणी साचून खुंट आतून कुजतो तो वेगळाच. अधिकारी बाईंना यंदा हिरवं दिसलं असतं, परवानगीही मिळाली असती. आणि बारा वर्षांनी त्या तुकड्यात दांड्यांऐवजी भुसा उभा राहिला असता.

आता सरळ माणसाने काय केलं असतं? घरी जाऊन जावयाला सांगितलं असतं, चला, मशीन घ्या, दोन दिवसांत खाली छाटून टाकू. खुंटरावांनी संस्थेच्या खोलीतून एक कुऱ्हाड घेतली.

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी फिरायला जाऊ लागले.

"अहो, फिरायला जाताना कुऱ्हाड कशाला?" बायकोने दारातच अडवलं.

"टेकायला."

"काठी नाही का घरात?"

"काठी गुळगुळीत झालीय. हातातून सुटते."

"आणि डॉक्टरांनी वाकू नका म्हटलंय ते?"

"वाकत नाही. बसून करतो," असं त्यांच्या तोंडून निसटलं. "म्हणजे, बसून घेतो मध्ये मध्ये."

बायकोने पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. इतक्या वर्षांच्या संसारात तिला एवढं कळत होतं, की नवऱ्याला कुठलं खोटं बोलू द्यावं.

ते खरोखर बसूनच करत होते. मातीत बसायचं, खुंटाच्या बुडाशी घाव घालायचे, तोंड उतरतं करायचं, आणि तसंच सरकत पुढच्या खुंटाशी जायचं. तोडलेले गुडघ्याएवढे ओंडके बाजूला झुडपात सरकवायचे. रोज थोडं थोडं. हात पूर्वीसारखा चालत नव्हता, आणि चष्मा घामाने सारखा घसरत होता. रस्त्याकडचा मोठा भाग संपत आला, तेव्हा एका सकाळी त्यांनी घाव घातला आणि कापलेल्या तोंडावर पाणी आलं. थेंब थेंब, स्वच्छ. त्यांनी बोट लावून पाहिलं. झाड जागं झालं होतं. रस वर चढायला लागला होता.

झोपेतल्या झाडाला कापणं वेगळं आणि जागं झालेल्याला कापणं वेगळं. हिवाळाभर मुळांत साठवलेली शिदोरी घेऊन झाड वर येत असतं. तेव्हाच घाव बसला तर ती शिदोरी बाहेर सांडते. आणि खुंटाला फुटू लागलेले पहिले डोळे ते आपल्याच हाताने त्या ओंडक्यांबरोबर उडवत होते. हे सगळ्या गावाला त्यांनीच शिकवलं होतं. कुऱ्हाड तिथेच ठेवून घरी यायला हवं होतं. पण अर्ध्या रांगेत काम सोडलं असतं तर एकाला एक लागून उंच आणि बुटके खुंट दिसले असते, आणि ज्याला त्याला कळलं असतं की जावयाच्या मागून कुणीतरी कुऱ्हाड घेऊन फिरलंय. म्हणून त्यांनी ती रांग पुरी केली. मग तिच्या पुढची. पलीकडचा, घळीकडचा भाग मात्र त्यांनी तसाच ठेवला. तिथले खुंट रस्त्यावरून दिसत नव्हते, आणि आता त्यांचा हातही चालेना.

मग त्यांनी कापलेल्या सगळ्या खुंटांवर काटेरी डहाळ्या रचल्या. शेळ्यांपासून राखण म्हणून तसं करायची रीत होतीच. फक्त या वर्षी त्यांनी त्या जरा जास्तच दाट रचल्या.

पालवी आली. आजूबाजूचे तुकडे हिरवे झाले. घळीकडच्या जावयाच्या उंच खुंटांना तर भराभरा पालवी फुटली. रस्त्याकडच्या भागात काहीच नव्हतं. वाळक्या डहाळ्या आणि त्यांच्याखाली काळोख.

गावात कुजबुज सुरू झाली. चहाच्या टपरीवर एकाने सांगितलं, मशीन तापतं, त्याने साल भाजते, खुंट मरतो. दुसऱ्याने त्यात भर घातली. आठवडाभरात ती शास्त्रातली गोष्ट होऊन बसली. एक जण खुंटरावांनाच म्हणाला, "तुम्ही असता तर असं झालं नसतं. गोदामातल्या माणसाला जंगल काय कळणार?" तोंड उघडायला हवं होतं ते इथेच. पण ते कप ठेवून उठले.

घरी जावई जेवताना खाली बघत असे. एकदा पाणी प्यायला स्वयंपाकघराच्या दाराशी गेले असताना खुंटरावांच्या कानावर लेकीचा आणि बायकोचा संवाद पडला.

"गोदामातून फोन आला होता त्यांना. जागा रिकामी आहे म्हणतात. महिनाअखेर कळवायचंय."

"मग?"

"मग काय? परवानगी नाही मिळाली तर लाकूड कुठून आणू? आणि मिळाली तरी संस्था आता ह्यांना तोडीवर ठेवणार नाही. दारोदार ऐकून घेत राहायचं का त्यांनी? जाऊ आम्ही. लेथ विकत नाही मी. कुलूप लावून ठेवते."

कुलूप हा शब्द खुंटरावांनी या गल्लीत पूर्वी फार वेळा ऐकला होता. कुलूप लावलेले गाळे पुन्हा उघडत नाहीत हेही त्यांनी पाहिलं होतं. पाणी न पिताच ते बाहेर आले आणि पायरीवर बसून राहिले. जावयाचा मान राखायला गेले होते, आणि आता त्याची अब्रू, लेकीचा धंदा आणि टेकडी, तिन्ही एकाच तुकड्यात अडकून पडलं होतं.

अधिकारी बाई ठरल्या दिवशी आल्या. पायात जाड बूट, गळ्यात शिट्टी, बोलणं मोजकं. बरोबर अध्यक्ष, जावई आणि खुंटराव. लेकही लेथ बंद करून आली होती. बाईंनी आधी घळीकडचे खुंट पाहिले आणि एक धुमारा दोन बोटांनी सहज ओढला. तो सालीसकट हातात आला.

"हे उंच राहिलेत," त्या म्हणाल्या.

जावयाने मान खाली घातली.

मग त्या रस्त्याकडच्या भागात आल्या. वाकून डहाळ्यांचा एक थर बाजूला केला, मग आणखी एक. खुंटाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. दुसरा खुंट उघडला. तिसरा. मग सरळ उभ्या राहिल्या.

"हे दोनदा कापलेत. आधी मशीनने, मग कुऱ्हाडीने. आणि दुसरं कापणं उशिरा झालंय, रस चढल्यावर. तोंडावर डाग आहे बघा. कुणी केलं हे?"

अध्यक्षांनी जावयाकडे पाहिलं. "सांगा ना आता. गप्प काय बसलात?"

"मी केलं," खुंटराव म्हणाले.

अध्यक्ष हसले. "तुम्ही कशाला जावयाला पाठीशी घालताय, खुंटराव? तुम्हाला तर वाकायची बंदी होती."

"बसून केलं. कुऱ्हाड संस्थेची आहे, पात्याला माती असेल अजून. खुंट उंच राहिले होते, ते मला जावईबापूंना सांगता आलं नाही. म्हणून चोरून छाटत बसलो. रस चढला ते मला दिसलं होतं. तरी थांबलो नाही. आणि ह्या डहाळ्या शेळ्यांसाठी नाहीत. कुणाला दिसू नये म्हणून आहेत." एवढं बोलून त्यांना दम लागला. "मशीनचा ह्यात काही संबंध नाही. खुंट मेले असतील तर माझ्या हातून मेले."

मग जावई, इतक्या दिवसांत पहिल्यांदा मध्ये कुणालाही न घेता, सरळ म्हणाला, "मामा, मला माहीत होतं."

खुंटरावांनी वळून पाहिलं.

"पाचर विसरली होती ती न्यायला आलो होतो एकदा. कुऱ्हाडीचा आवाज आला. बघतो तर तुम्ही काळा चष्मा लावून मातीत बसलेले. तसाच मागे फिरलो. म्हटलं, मामांना आपलं काम पटलेलं नाही, तरी ते बोलत नाहीत, तर आपण कशाला बोलून त्यांना अवघडवायचं. तुम्ही झुडपात टाकलेले ओंडके मीच नेले नंतर. त्यांचे लाकडी हातोडे केले."

"ते हातोडे त्या ओंडक्यांचे होते?" लेक नवऱ्याला म्हणाली. "मला म्हणालात, जुनं लाकूड मिळालं." मग बापाकडे वळली. "दोघांनाही देवाने तोंड दिलंय ना? का ते नुसतं जेवायला?"

अधिकारी बाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं, पण त्यांनी ते चटकन आवरलं. खाली बसून त्यांनी खुंटाच्या बुडाशी, मातीलगत, नखाने सालीचा एक बारीक ओरखडा काढला. आत ओलसर हिरवं होतं. दुसऱ्या खुंटाला काढला, तिथेही हिरवं. त्या एका रांगेत पुढे गेल्या. काही खुंट तपकिरी निघाले. बहुतेक हिरवे होते.

"जिवंत आहेत," त्या म्हणाल्या. "पण दमलेत. एकदा उठले होते, तुम्ही त्यांना परत झोपवलंत. आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतील. करतील असं मला वाटतं, खात्री देत नाही. ह्या डहाळ्या आजच्या आज काढा, बुडाशी ऊन पोचू दे. शेळ्यांसाठी कडेने कुंपण घाला, डोक्यावर छप्पर नको. आणि ते घळीकडचे उंच आत्ता अजिबात छाटू नका, पानगळीपर्यंत थांबा." त्यांनी खुंटरावांकडे पाहिलं. "थांबाल ना?"

"थांबतो," खुंटराव शाळेतल्या पोरासारखे म्हणाले.

"मी पाऊस सुरू व्हायच्या आत परत येते. तोपर्यंत परवानगी देत नाही आणि नाकारतही नाही."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत घरातल्या चौघांनी डहाळ्या उचलल्या. बायको हातमोजे घालून आली होती. "फिरायला येण्यासारखी जागा आहे हं," ती म्हणाली. "मलाही आणायचं होतं की." कडेने जावयाने खुंट्या ठोकल्या आणि त्यांच्यामध्ये डहाळ्या विणल्या. खुंटराव देत गेले, तो गुंफत गेला. बोलणं फारसं झालं नाही. पण जे झालं ते सरळ झालं. "मामा, हे टोक धरा." "घट्ट नको, वारा जाऊ द्या." एकदा जावयाने विचारलं, "किती खाली कापायला हवं होतं?" तेव्हा खुंटरावांनी बोटं आडवी धरून दाखवलं. मग इतक्या वर्षांचा सासरेपणा बाजूला ठेवून म्हणाले, "आणि दगड असेल तिथे आधी माती उकरून दगड काढायचा, मग मशीन लावायचं. मी सांगायला हवं होतं."

"मीही विचारायला हवं होतं," जावई म्हणाला.

त्यानंतरचे दिवस लांब गेले. खुंटराव रोज सकाळी वर जात, रिकाम्या हाताने. जावई दुपारी लेथवरून वेळ काढून जाई. काल होतं तसंच आज. ऊन चढू लागलं, आजूबाजूच्या तुकड्यांतली पालवी गर्द झाली, आणि हा उतार उघडाबोडका पडून राहिला. गोदामाला कळवायचा दिवस जवळ आला. लेकीने नव्या मागण्या घेणं थांबवलं होतं. पॉलिशचं टेबल भिंतीला लावून ठेवलेलं खुंटरावांनी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

मग एका सकाळी दोघं बरोबरच वर गेले. जावयाच्या खिशात फोन होता आणि त्या दिवशी त्याला तो करायचाच होता. कुंपणाचं फाटक सरकवून खुंटराव पहिल्या रांगेत शिरले, सवयीने खाली वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"काय झालं?" जावयाला वाटलं, कंबर धरली.

खुंटरावांनी नुसतं बोट दाखवलं. खुंटाच्या बुडाशी, जिथे साल मातीला टेकते तिथे, तांबूस रंगाचे टोकदार दाणे वर आले होते. माती त्यांनी किंचित उचलली होती. पुढच्या खुंटाशी एक दाणा उलगडून त्याची दोन पानं झाली होती, ओली, चुरगळलेली. जावई गुडघ्यांवर बसला आणि हातांवर रांगत पुढच्या रांगेत गेला. "इथे पण आहेत," तो म्हणाला. "इथेही. मामा, हे खालून आलेत. जमिनीतून."

"तिथूनच यायला हवेत," खुंटराव म्हणाले. "हे उचकटत नाहीत."

त्यांनी दोघांनी मिळून सगळा भाग पाहिला. मध्ये मध्ये खुंट मेले होते, त्याला इलाज नव्हता. तिथे रोपं लावावी लागणार होती, आणि रोपाला खुंटाची बरोबरी करायला वर्षं लागतात. ते नुकसान खुंटरावांच्या नावावर राहणार होतं आणि त्यांना ते मान्य होतं. पण उतार जिवंत होता. काही दिवसांनी अधिकारी बाई आल्या, त्यांनी एक धुमारा दोन बोटांनी ओढून पाहिला, तो हलला नाही, आणि मेलेल्या खुंटांच्या जागी रोपं लावायच्या अटीवर त्यांनी पुढच्या तुकड्याच्या परवानगीवर सही केली. अध्यक्षांनी त्यांच्यासमोरच जावयाला विचारलं, पुढची तोड करणार ना? खुंटरावांकडे बघून तो म्हणाला, "आम्ही दोघं करू."

पण ते नंतरचं. त्या सकाळी, धुमारे पहिल्यांदा दिसले तेव्हा, जावई थोडा बाजूला जाऊन फोनवर बोलला. गोदामाच्या साहेबांचे आभार मानले, दुसरा माणूस बघा म्हणाला, त्यांच्या मुलांची चौकशी केली. खुंटराव ऐकत नसल्यासारखं करत एका खुंटाशी बसले होते. खांद्यांवरून काहीतरी उतरवून ठेवावं तसं त्यांना वाटलं, आणि मग एकदम लक्षात आलं की आपल्याला भूक लागली आहे. नुसती नाही, कडकडून. कित्येक दिवसांत जेवण असं आठवलंच नव्हतं.

"डबा आणलाय का काही?" त्यांनी विचारलं.

"माझा आहे. दुपारचा."

"काढा."

"मामा, आत्ता तर सकाळ आहे."

"काढा हो, जावईबापू. दुपारचं दुपारी बघू."

जावयाने डबा मध्ये ठेवला. सावली जवळपास कुठेच नव्हती, म्हणून दोघं उन्हातच, पाय पसरून, एका खुंटाच्या दोन बाजूंना बसले आणि खुंटाला धक्का लागणार नाही अशा बेताने जेवले.